आमच्याकडे असं नसतं

डॉक्टरांनी ‘जरा हालचाल वाढवा’ म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात मी आमच्या सोसायटीतल्या बैठ्या खेळांच्या क्लबात जायला लागलो. यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं. बायकोला वाटलं.

“ज्या खेळाच्या नावातच बसणं आहे, त्यानं साखर कशी उतरणार?”

“फासा टाकायला हात हलतो,” मी म्हणालो.

“मग पोळ्या लाटायला या. दोन्ही हलतात.”

क्लब म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, नोंदणी तर नाहीच. रविवारी दुपारी ३ वाजता ज्याला झोप येत नाही, किंवा ज्याला घरातले झोपू देत नाहीत, त्यानं तळमजल्यावरच्या हॉलमध्ये यायचं. नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळ खाल्लेला माणूस दुपारी तीनला शुद्धीवर असणं हीच मुळात एक कामगिरी आहे. माझी त्या दिवशी दोन पाव, एक पापड आणि दोनदा रस्सा अशी मिसळ झाली होती. तरीही मी तीन वाजता हॉलच्या दाराशी उभा होतो.

दाराला कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडे होती. वॉचमन जेवायला गेला होता. जेवायला म्हणजे घरी, आणि घर सातपूरला. क्लब उघडला ३.४० ला. तोवर आम्ही सहाजण दाराबाहेर उभे राहून ‘मागच्या रविवारी किल्ली शेवटी कुणाच्या हातात होती’ हा खेळ खेळलो. आता मागे वळून पाहता, त्या दुपारी आम्हा मोठ्यांपुरता निकाल लागण्याच्या सर्वांत जवळ गेलेला खेळ तोच.

मंडळींची ओळख करून देतो. बी विंगमधले एक काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना मी मनातल्या मनात नियमकाका म्हणतो. दुसरे माजी चॅम्पियन. त्यांनी १९८७ साली कॉलेजात कॅरमची स्पर्धा जिंकली होती आणि त्यानंतर त्यांना ती सांगण्यापलीकडे काही करावं लागलेलं नाही. मालेगावकडच्या एक काकू आहेत, हिशेबाला पक्क्या. त्यांची सात वर्षांची नात. पहिल्या मजल्यावरचा एक सॉफ्टवेअरमधला मुलगा, पाठीवर बॅग घेऊन. आणि मी, कुठल्याच खेळात कच्चा नसलेला. म्हणजे सगळ्यांत सारखाच.

हॉलमध्ये गेल्या वर्षीच्या गणपतीचं मखर, मोडक्या खुर्च्यांची उतरंड आणि टेबल टेनिसचं टेबल आहे. टेबल टेनिसच्या टेबलावर सी विंगच्या गाद्या वाळत होत्या. कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला. चार पावसाळे त्यानं तसेच उभ्यानं काढल्यामुळे तो मध्ये थोडा फुगलाय. (आम्ही बसून फुगलो, एवढाच फरक.) फुगवट्यामुळे मधोमध मांडलेल्या सोंगट्या आपणहून चारी दिशांना पांगतात, त्यामुळे फोडायचं काम वाचतं.

सोंगट्या मोजल्या. काळ्या नऊ, पांढऱ्या दहा, राणी नाही.

“याचा अर्थ,” नियमकाका म्हणाले, “कुणाच्या तरी घरी पांढऱ्या आठ आणि राण्या दोन आहेत.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी जास्त वेळ छताकडे पाहिलं, कारण आमच्या माळ्यावर एक कॅरम आहे आणि तो शेवटचा कधी उघडला ते मला आठवेना.

तोडगा काकूंनी काढला. पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली एक चांगली ठळक लाल टिकली दहाव्या पांढऱ्या सोंगटीवर चिकटवली. राणी तयार झाली. मूळच्या राणीपेक्षा ही जास्त राणी दिसत होती.

मग पावडर. बोरिक पावडरचा डबा होता, त्यात डबाच होता. चॅम्पियन म्हणाले, पावडरशिवाय मी बोर्डाला बोट लावत नाही. काकू वर गेल्या आणि वाटीभर तांदळाची पिठी घेऊन आल्या. उकडीच्या मोदकांपासून रांगोळीपर्यंत जी पिठी कुठंच कमी पडत नाही, ती कॅरमला का कमी पडेल, असा आमचा समज. पडली. स्ट्रायकर निघायचा झोकात आणि अर्ध्यात जाऊन असा थांबायचा, की जणू गॅस बंद केला का ते आठवतोय. पाच मिनिटांनी बोर्डावर मुंग्या आल्या. त्यांची रांग बरोबर बेसलाईनवरून चालली होती. दोन्ही रेघांना टेकून. आमच्यापैकी कुणालाच ते जमत नव्हतं.

खेळ अजून सुरू झालेला नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. आमच्या नव्हतं आलं. कारण आता नियम ठरवायचे होते.

“राणी शेवटी घ्यायची,” काकू म्हणाल्या. “आमच्याकडे तसंच असतं.”

“आमच्याकडे असं नसतं. एक आपली सोंगटी गेली की राणी कधीही.”

“आणि कव्हर?”

“तीनदा बघायचं.”

“तीनदा? आमच्याकडे लगेच. नाही मिळालं तर राणी परत मधे.”

“आमच्याकडे राणीचे पन्नास, पांढरीचे वीस, काळीचे दहा.”

चॅम्पियननी डोळे मिटले. “राणीचे तीन,” ते म्हणाले. “स्पर्धेत राणीचे तीन असतात.”

“तीन?” नियमकाका उसळले. “अहो, राणी आहे ती. लासलगावात कांद्यालासुद्धा कधीमधी याहून बरा भाव मिळतो.”

हे ‘आमच्याकडे’ कुठून येतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. प्रत्येक घरात एक थोरला भाऊ असतो. तो हरायला लागला की घरात एक नियम जन्माला येतो. पुढे भाऊ परगावी जातो, नोकरीला लागतो, टक्कल पडतं. नियम घरातच राहतो आणि पुढच्या पिढीला तो कुलधर्मासारखा वाटायला लागतो. आमच्याकडे लुडोत लाल सोंगटीला एक आला तरी घर उघडतं, बाकीच्यांना सहा लागतो. लाल रंग माझ्या चुलतभावाचा होता. आज मी पन्नाशी ओलांडली, पण कुणी लालला सहा लागतो म्हणालं की मला घराण्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं.

सॉफ्टवेअरवाल्या मुलानं फोन काढला आणि नियम वाचायला लागला. खेळण्याची जागा ७४ सेंटिमीटर चौरस, स्ट्रायकरचं वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम, इथपर्यंत सगळे गंभीर चेहऱ्यानं माना डोलवत होते. मग तो म्हणाला, “खेळताना खुर्ची सोडायची नाही.”

नियमकाका तेव्हा खुर्ची सोडून, एक गुडघा स्टुलावर टेकवून, जवळजवळ बोर्डावर ओणवे होऊन नेम धरत होते.

“मला सांगतोस खुर्ची सोडू नका म्हणून?” ते तसेच ओणव्यानं म्हणाले. “चौतीस वर्षं नोकरीत सोडली नाही. आता तरी सोडू दे.”

अखेर ‘सगळ्यांचे सगळे नियम चालतील’ अशा तत्त्वावर डाव सुरू झाला. माझी पाळी आली. समोर पॉकेटच्या तोंडाशी पांढरी सोंगटी अशी उभी होती, की नुसतं फुंकलं असतं तरी पडली असती. मी फुंकायला हवं होतं. मी नेम धरला, मारला. स्ट्रायकर पांढरीला वळसा घालून गेला, चारी कडांना भेटी देऊन आला, वाटेत राणीला खांदा मारला आणि माझ्याच उजव्या हाताच्या पॉकेटमध्ये जाऊन विसावला.

“फाऊल,” चॅम्पियन म्हणाले.

काकूंनी पॉकेटमध्ये हात घालून स्ट्रायकर काढला. त्यावर टिकली होती.

हॉलमध्ये शांतता पसरली. बोर्डाच्या मधोमध एक साधी पांढरी सोंगटी राणीच्या जागी उभी होती आणि राणीपण स्ट्रायकरला लागलं होतं. आता पॉकेटमध्ये गेलं ते काय? स्ट्रायकर गेला असेल तर माझा फाऊल, एक सोंगटी परत काढायची. राणी गेली असेल तर मला पन्नास. किंवा तीन. की दोन्ही? नियमकाकांच्या मते टिकली हीच राणी, सोंगटी हे निमित्त. चॅम्पियनच्या मते सोंगटी हीच राणी, टिकली हा शृंगार. आत्मा आणि देह यांवर मी बरीच कीर्तनं ऐकलीत, पण विषय इतका हातात घेऊन दाखवलेला कधी पाहिला नव्हता. मुलानं फोनमध्ये शोधलं. स्ट्रायकरला टिकली लागली तर काय, हे कुठल्याही नियमावलीत दिलेलं नाही.

टिकली पुन्हा सोंगटीवर चिकटवली. पण पिठीनं तिचा चिकटपणा गेला होता. त्यानंतरच्या दोन फटक्यांत ती जी उडाली, ती गेलीच. बोर्डाखाली पाहिलं, सगळ्यांच्या चपला उलट्या केल्या, मुंग्यांवरसुद्धा संशय घेऊन झाला. टिकली नाही म्हणजे राणी नाही, राणी नाही म्हणजे डाव नाही. चॅम्पियननी हात झटकले. त्या दिवशी त्यांनी एकच सोंगटी पाडली होती. तीही बोर्डावरून खाली.

लुडोचा पट निघाला, फासा नव्हता. मुलाच्या बॅगेत दोन फासे होते, पण ते त्यानं दिले नाहीत. “काका, ते त्या सेटचे आहेत,” म्हणाला. जणू ते कुलदैवताचे टाक होते. फोनवरचा फासा नियमकाकांनी नाकारला. त्यांच्या मते फोनला आपण काय बोलतो ते ऐकू जातं, तेव्हा सहा कुणाला हवाय हेही त्याला कळतच असणार. शेवटी काकूंनी एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि पिठीच्याच वाटीत टाकल्या.

सहाच्या चिठ्ठीला हळदीचा डाग होता.

हे मला पहिल्याच फेरीत दिसलं. मला वाटलं, फक्त मलाच दिसलं. दुसऱ्या फेरीत नियमकाकांना सहा आला, चॅम्पियननी डोळे मिटून चिठ्ठी काढली (एक डोळा नीट मिटत नाही त्यांचा) तरी सहाच आला. पण सहा आला की पुन्हा पाळी, आणि लागोपाठ तीन सहा आले की सगळे जळतात, हा एकच नियम असा निघाला की तो सगळ्यांकडेच होता. त्यामुळे आम्ही तीन प्रौढ माणसं सहा, सहा आणि सहा काढायचो, जळायचो, आणि वाटी पुढे सरकवायचो. मोह कुणालाच आवरेना. वीस मिनिटांत आमची एकही सोंगटी घराबाहेर पडली नाही. नात तेवढी वाटीत न बघता चिठ्ठी उचलत होती. दोन, चार, मधेच एखादा सहा, असं करत ती चारही सोंगट्या घरी घेऊन गेली आणि तिनं विचारलं, “तुम्ही अजून सुरू का नाही केलं?”

“हा खेळ मूळचा आपला,” नियमकाका पट गुंडाळत म्हणाले. “पच्चीसी. इंग्रजांनी उचलला आणि १८९६ साली तिकडे लुडो म्हणून पेटंट घेतलं. त्यांनीच बिघडवला.”

मधे अर्धा तास ‘व्यापार’ खेळायचंही घाटत होतं, पण बँक कोण होणार यावर ते अडलं. सोसायटीचे खजिनदार नेमके तेव्हाच डोकावले आणि “मी होतो की बँक,” म्हणाले. कुणी काही बोललं नाही. पण मेंटेनन्सचा हिशेब गेल्या सभेपासून लागलेला नाही, हे सगळ्यांना एकदम आठवल्याचं दिसलं. मुलानं वातावरण हलकं करायला माहिती दिली, की या जातीच्या खेळाची मूळ कल्पना लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंची. १९०४ साली त्यांनी पेटंट घेतलं, आणि उद्देश हा की जमीनमालक भाड्यावर कसे गब्बर होतात आणि बाकीचे कसे बुडतात ते लोकांना कळावं. खजिनदारांचे याच सोसायटीत तीन फ्लॅट भाड्यानं दिलेले आहेत. त्यांना एकाएकी फोन आला आणि ते गेले.

चहा आला, चिवडा आला, आणि मुलानं बॅगेतून ती पेटी काढली.

कॅटन. १९९५ साली जर्मनीत निघालेला खेळ, क्लाउस टॉयबर नावाच्या माणसाचा. पेटीतली प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या पिशवीत. पत्त्यांना एकेक प्लास्टिकचं पाकीट घातलेलं, जसं आपण रेशनकार्डाला घालतो. मुलानं आम्हाला ओला टिश्यू दिला.

“हा कशाला?”

“काका, चिवड्याचं तेल.”

“आमच्याकडे चिवडा कोरडा असतो,” काकू दुखावल्या, आणि पदराला हात पुसून बसल्या.

नियम सांगायला त्याला पाऊण तास लागला. मला समजलं ते एवढं: एक बेट आहे, षटकोनी तुकड्यांचं. त्यात लाकूड, विटा, मेंढ्या, गहू आणि खनिज. प्रत्येक तुकड्यावर आकडा. दोन फासे टाकायचे, बेरीज जुळली की त्या तुकड्याला लागून असलेल्या वस्तीला माल मिळतो. दहा गुण आधी होतील तो जिंकला. पहिली वस्ती कुठं बसवायची ते आपण ठरवायचं. मी बाराचा आकडा असलेली गव्हाची जमीन निवडली.

“काका, नक्की बारा?”

“का? सगळ्यांत मोठा आकडा आहे.”

तो काही बोलला नाही. दोन फाशांचे छत्तीस प्रकार होतात, त्यांत बारा फक्त एकाच प्रकारानं पडतो आणि सात सहा प्रकारांनी, हे त्यानं मला नंतर, गहू न मिळता पाऊण तास गेल्यावर, अतिशय नम्रपणे सांगितलं. दुसरी वस्ती त्यानंच मला दया येऊन सहाच्या आकड्यावर बसवून दिली. तो आकडा चांगला. चिकार वेळा येतो. त्या तुकड्यावर मेंढ्या होत्या.

मला मेंढ्या मिळाल्या. मग मेंढ्या मिळाल्या. मधे एकदा काहीच मिळालं नाही, आणि मग मेंढ्या. वस्ती बांधायला लाकूड, वीट, गहू आणि मेंढी एकेक लागते. माझ्याकडे मेंढी होती. नऊ होत्या.

इथे देवाणघेवाण चालते, म्हणजे आपल्याकडचं देऊन दुसऱ्याकडून मागता येतं. विटा सगळ्या काकूंकडे.

“काकू, एक वीट द्या. दोन मेंढ्या देतो.”

“चार.”

“चारला बँकसुद्धा देते हो!”

“मग जा बँकेत.” मंडईत जुडीवर दोन काड्या कोथिंबीर जास्तीची मागताना त्यांचा जो आवाज लागतो, तोच. “आणि मेंढ्यांचं मी करू काय? आधीच दारात दोन कुत्री आहेत.”

मी निमूटपणे तीनवर आलो. त्या साडेतीनवर. अर्धी मेंढी देता येते का, हे मुलाला विचारलं तेव्हा त्यानं पहिल्यांदाच फोन खिशात ठेवला. एवढ्यात नियमकाकांनी फासे टाकले आणि सात आला. सात आला की चोर फिरतो, आणि ज्याच्याकडे सातहून जास्त पत्ते असतील त्याचे अर्धे जातात. माझ्या चार मेंढ्या एकदम गेल्या. काकांनी चोर आणून माझ्याच कुरणात बसवला.

“इथंच का, काका?”

“तुमच्याकडेच काय ते आहे.”

मी खट्टू झालेला पाहून काकूंना दया आली. “मनाला लावून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “आमच्या तिकडे, मालेगावजवळ चंदनपुरी आहे ना, बाणाईचं गाव. खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळले, हरले, आणि बारा वर्षं तिथं येऊन मेंढ्या राखत राहिले. प्रत्यक्ष देव. तुमचं तर आत्ता दीड तासच झालाय.”

मला खरंच बरं वाटलं. पण नियमकाकांनी लगेच शंका काढली, की देव मुद्दाम हरले होते, बाणाईसाठी. तुमच्यासारखे प्रामाणिकपणे नव्हे.

पावणेसातला भजनी मंडळाच्या बायका टाळ घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची वेळ साडेसहाची. तोवर कुणाचेही दहा गुण झालेले नव्हते. काकूंचे सात, मुलाचे सहा, काकांचे पाच. चॅम्पियन लुडोनंतर खुर्चीतच झोपले होते. माझे दोन, जे खेळ सुरू करतानाच सगळ्यांना असतात. मुलानं पिशव्या भरायला घेतल्या, मोजलं आणि त्याचा चेहरा पडला. मेंढीचा एक पत्ता कमी होता. सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. मेंढपाळ मीच होतो. खिसे उलटे करून दाखवले. पत्ता चिवड्याच्या बशीखाली सापडला, प्लास्टिकच्या पाकिटासकट पारदर्शक झालेला.

“कोरडा असतो नाही का तुमच्याकडे?” नियमकाका म्हणाले.

घरी आलो. बायको पोळ्या करत होती.

“हलला का हात?”

“हलला,” मी म्हणालो आणि माठातलं पाणी घ्यायला वळलो.

“अहो, हे कोपराला काय लागलंय?”

मी कोपर वळवून पाहिलं. लाल, ठळक, कडेला थोडी पिठी.

“ही कुणाची?”

“राणीची,” मी खरं तेच सांगितलं.

लाटणं थांबलं. “कोण राणी?”

मी अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. पांढऱ्या दहा, काळ्या नऊ, कव्हर लगेच की तीनदा, टिकली म्हणजे राणी की सोंगटी म्हणजे राणी. जसजसं सांगत गेलो तसतसं ते जास्तच रचल्यासारखं वाटायला लागलं. क्लबातली एक वस्तू कोपराला चिकटून आल्याचं सांगताना माझा मलाच विश्वास बसेना. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मग तिनं माझ्या कोपरावरची टिकली नखानं काढली, ओट्याच्या कडेला चिकटवली, पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली,

“आमच्याकडे असं नसतं.”